हॉगार्थचं मांजर आणि ग्रॅहमांची चार मुलं: जुन्या ब्रिटिश चित्रांतली मुलं वाचायची कशी?

चित्रवेल्हाळ

विल्यम हॉगार्थने १७४२ साली रंगवलेलं 'द ग्रॅहम चिल्ड्रन' लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. सव्वापाच फूट उंच आणि जवळजवळ सहा फूट रुंद असं हे तैलचित्र. डॅनियल ग्रॅहम हा राजाला औषधं पुरवणारा अपॉथेकरी, हातात पैसा असलेला माणूस. त्याची ही चार मुलं. पहिल्या नजरेला वाटतं, वा, काय हसतंखेळतं घर आहे! मधली मुलगी फुलाफुलांच्या झग्याचे दोन्ही काठ धरून नाचतेय. उजवीकडे मुलगा एक हातपेटी फिरवतोय. थोरली निळ्या झग्यात, आपल्याकडे बघतेय. डावीकडे छोट्या गाडीत बसलेलं सगळ्यांत धाकटं बाळ, थोरलीने वर धरलेल्या चेरींकडे हात पुढे करतंय.

आता उजव्या कोपऱ्याकडे जरा थांबून बघा. मुलाच्या डोक्यावर पिंजरा टांगलाय आणि त्यात गोल्डफिंच पक्षी आहे. मुलाच्या हातातली पेटी म्हणजे पक्ष्यांना सूर शिकवायचं वाद्य. पक्षी पंख फडफडवतोय, चोच उघडी आहे. मुलगा खुशीत वर बघतोय, त्याला वाटतंय की आपल्याच वाजवण्याने पक्षी रंगात आलाय. पण त्याच्या खुर्चीच्या पाठीवर नखं रोवून एक मांजर चढलंय. त्याचे डोळे पिंजऱ्यावर खिळलेत. पक्षी गात नाहीये, जिवाच्या भीतीने ओरडतोय. पेटीवर ऑर्फियसचं चित्र आहे, ज्याच्या संगीताने हिंस्र जनावरंसुद्धा शांत व्हायची तो ग्रीक गायक. इथे मात्र मांजर काही शांत झालेलं नाही.

मग नजर डावीकडे नेली की तिथलंही दिसायला लागतं. बाळाच्या मागच्या घड्याळावर एक छोटा क्युपिड आहे आणि त्याच्या हातात कोयता आहे. काळाच्या हातात असतो तसा लांब दांड्याचा. शेजारी वाळूचं घड्याळ. बाळाच्या पायाशी दोन कार्नेशनची फुलं एकमेकांवर आडवी पडलेली. धाकटा थॉमस, हे चित्र पुरं व्हायच्या आत वारला होता. हॉगार्थला ते माहीत होतं. आईबापांना तर होतंच. त्यांनी चौथं मूल चित्रातून वगळलं नाही. गाडीत बसवलं, हातापाशी चेरी दिली. चेरी हे स्वर्गाचं फळ मानायचे, आणि ते फळ त्याच्या हाताला अजून लागलेलं नाही.

मला हे चित्र फार मोठं वाटतं, कारण दुःख असून चित्रात कुणी रडत नाहीये. जे सांगायचं ते सगळं मांजर, पक्षी, फळ आणि घड्याळ यांच्यावर सोपवलंय. अशी आणखी चित्रं बघितली असतील तर इथे लिहा. लहान मुलांच्या जुन्या ब्रिटिश चित्रांतल्या वस्तू काय बोलतात, एवढाच धाग्याचा विषय.

पाचोळा

सुंदर लिहिलंय. चित्र मोठं करून बघितलं. मांजराचे डोळे खरंच विसरता येत नाहीत. एक शंका: धाकटा थॉमस म्हणजे मुलगा ना? मग त्याच्या अंगात झगा का? मला आधी ती मुलगीच वाटली होती.

केतकी_लीड्स

पाचोळा, तेव्हा सगळीच लहान मुलं झग्यात असायची. मुलगा साधारण चार ते सात वर्षांचा झाला की त्याला पहिल्यांदा विजार घालायचे आणि तो घरात मोठा सोहळा असायचा. तोवर मुलगा कसा ओळखायचा? हातातल्या वस्तूंवरून. ढोल, चाबूक, लाकडी घोडा, छोटी तलवार दिसली की मुलगा. बाहुली किंवा फुलं दिसली की बहुतेक मुलगी. म्हणजे हातातलं खेळणं नुसतं खेळणं नाही, ते मूल पुढे कोण होणार हे सांगणारी ती पाटी आहे.

या झग्यावरून एक राजा चिडलासुद्धा होता, असं सांगतात. पहिल्या चार्ल्सने १६३५ मध्ये व्हॅन डाइककडून आपल्या तीन थोरल्या मुलांचं चित्र करून घेतलं. ते राणीच्या बहिणीकडे, सॅव्हॉयला पाठवायचं होतं. त्यात युवराज चार्ल्स, वय पाच, बाळांच्या झग्यात आहे. राजाला ते अजिबात रुचलं नाही. उद्याचा राजा परदेशी दरबारात असा कसा दिसू द्यायचा? ते चित्र आज इटलीत तुरिनला आहे. त्याच वर्षी व्हॅन डाइकने तिघांचं आणखी एक चित्र केलं, ते इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. त्यात युवराज विजारीत, ऐटीत टेकून उभा आहे.

आणि दोनच वर्षांनी, १६३७ मध्ये, पाच मुलांचं चित्र. मधोमध तोच युवराज, आता सात वर्षांचा, आणि शेजारी त्याच्या छातीपर्यंत पोचणारा अगडबंब मॅस्टिफ कुत्रा. पोराने हात कुत्र्याच्या डोक्यावर सहज ठेवलाय. एवढं मोठं जनावर ज्याच्या हाताखाली निमूट बसतं तो उद्या राज्यही सांभाळेल, असं चित्र सांगतंय. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. बारा वर्षांनी, १६४९ मध्ये, बापाचा शिरच्छेद झाला, तेव्हा हा मुलगा आधीच परदेशात परागंदा झालेला होता.

डॉ_मुक्ता

केतकीताई, खेळण्यांवरून आठवलं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या बाळांच्या चित्रांत एक वस्तू हटकून दिसते: चांदीच्या किंवा सोन्याच्या मुठीत बसवलेला लाल पोवळ्याचा तुकडा, कधी त्याला घुंगरं, कधी शिट्टी. बाळाने ते चघळायचं. पोवळं कठीण आणि गार, म्हणून हिरड्यांना बरं वाटायचं, आणि शिवाय पोवळ्याने दृष्ट लागत नाही, रोग दूर राहतो अशी श्रद्धा.

यातली भीती किती खरी होती ते लंडनच्या मृत्युनोंदींमध्ये दिसतं. तिथे मरणाचं कारण म्हणून चक्क 'दात' असा रकाना असायचा. दात यायच्या वयातच मूल अंगावरच्या दुधावरून वरच्या अन्नावर येतं, घाण पाण्याशी आणि शिळ्या अन्नाशी त्याची पहिली गाठ पडते, जुलाब-ताप सुरू होतात. पोरं जात होती त्या संसर्गाने, बोल लागायचा दातांना. माझ्याकडे येणाऱ्या आया आजही 'दात येतायत म्हणून जुलाब होतायत' असं सांगतात आणि त्यात बाळाच्या अंगातलं पाणी कमी होईपर्यंत वेळ जातो. त्यामुळे या चित्रांतलं ते लाल पोवळं मला दागिना म्हणून बघताच येत नाही.

अनघड

धागा आवडला, पण एक सावधगिरीचा सूर लावतो. प्रतीकं शोधायची सवय लागली की प्रत्येक कुत्रा 'निष्ठा' होतो, प्रत्येक सफरचंद 'आदिपाप' होतं. रेनॉल्ड्सचं जेन बोल्सचं चित्र घ्या, लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधलं, १७७५च्या सुमाराचं. तीन-चार वर्षांची पोर गवतात बसलीये आणि कुत्र्याला इतकं घट्ट कवटाळलंय की कुत्र्याला बिचाऱ्याला श्वास घ्यायची पंचाईत. रेनॉल्ड्सबद्दल सांगतात की मुलगी बुजू नये म्हणून तो आधी त्यांच्याकडे जेवायला गेला, तिच्या शेजारी बसून गोष्टी सांगितल्या, हातचलाखी दाखवली. दुसऱ्या दिवशी पोर आपणहून त्याच्या घरी जायला तयार. मग त्याने तो उत्साह पकडला. आता या कुत्र्यात निष्ठेचं प्रतीक कुठून आणायचं? ती पोर आणि तिचा कुत्रा, बस्स.

गेन्सबरोने आपल्या दोन मुलींना मांजरासोबत रंगवलंय, ते मांजर तर नुसत्या रेषांत अर्धवट सोडलंय. त्यातही कुणी अर्थ काढेल, पण मला वाटतं चित्रच अपुरं राहिलं.

चित्रवेल्हाळ

अनघड, मुद्दा रास्त आहे आणि तो हवाच होता. मी स्वतः दोन गोष्टी तपासते.

पहिली म्हणजे काळ. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या शिकलेल्या माणसाच्या घरात चिन्हांची पुस्तकं असायची: वर चित्र, खाली पद्य, त्यात बोध. जेफ्री व्हिटनीचं असं इंग्रजी पुस्तक १५८६ मध्ये छापलं गेलं. तेव्हाचा प्रेक्षक चित्रातली वस्तू वाचायला सरावलेला होता, आणि चित्र काढून घेणाराही त्याच हिशेबाने वस्तू मागायचा. हार्डविक हॉलमध्ये १५७७ सालचं अ‍ॅराबेला स्टुअर्टचं चित्र आहे, वय २३ महिने. हातात उंची पोशाखाची बाहुली, आणि गळ्यातल्या साखळीच्या पदकावर फ्रेंच ब्रीद: पोचण्यासाठी मी सोसते. दोन वर्षंही पुरी न झालेल्या पोरीच्या गळ्यात हे! तिच्या अंगात ट्यूडर राजघराण्याचं रक्त होतं, सिंहासनावर हक्क सांगता येण्यासारखा होता, म्हणून घरच्यांनी ते तिच्या गळ्यात घातलं. ती पुढे टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत १६१५ मध्ये वारली. अशा चित्रात बाहुलीसुद्धा मुद्दाम ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट, वस्तू एकटी आहे की तिला साक्षीदार आहेत. हॉगार्थकडे कोयता, वाळूचं घड्याळ, आडवी फुलं, मांजर, सगळी एकाच दिशेला बोट दाखवतात. जेन बोल्सच्या कुत्र्याला असा साक्षीदार नाही. तिथे मी तुमच्याशी सहमत.

तरी दोन्हींच्या मधली एक जागा राहते. जॉन लॉकने १६९३ मध्ये मुलांच्या शिक्षणावर लिहिलं, त्यात त्याने बजावलं की पोरं प्राण्यांना छळतात ते तिथल्या तिथे थांबवा, कारण छळात मजा वाटणारं मूल पुढे माणसांशीही तसंच वागतं. हे सुशिक्षित घरांत चांगलं रुजलं होतं. त्यामुळे अठराव्या शतकात मुलाच्या मांडीवरचं जनावर 'हे मूल नीट वाढवलंय' असंही सांगतं. हॉगार्थने १७५१ मध्ये क्रौर्याच्या चार पायऱ्यांची मुद्राचित्रं काढली, त्यातल्या पहिल्या पायरीवर रस्त्यावरची पोरंच कुत्र्या-मांजरांचे हाल करतायत. तिथला टॉम नीरो शेवटी फासावर जातो.

गेन्सबरोचं म्हणाल तर मुलींचं दुसरं चित्र बघा, फुलपाखरामागे धावणाऱ्या, १७५६च्या सुमाराचं, नॅशनल गॅलरीतच आहे. तेही पुरं झालेलं नाही. पण धाकटीने हात पुढे केलाय आणि फुलपाखरू बसलंय काटेरी झुडपावर. पकडलं तर फुलपाखरू जाणार, नाही जपलं तर बोटाला काटा लागणार. थोरलीने तिचा दुसरा हात धरून ठेवलाय. गेन्सबरोची पहिली मुलगी तान्हेपणीच, १७४८ मध्ये, गेली होती. ते झुडूप तिथे सहज उगवलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं.

पाचोळा

फुलपाखराचं चित्र बघून आलो. धाकटीचा चेहरा! +१.

रानजाई

मला या चर्चेत एक मूल दिसत नाहीये म्हणून लिहिते. येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये १७१९च्या सुमाराचं एक चित्र आहे. टेबलाभोवती एलिहू येल आणि विगांमधले प्रतिष्ठित पुरुष. हा येल म्हणजे मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा एके काळचा गव्हर्नर, त्याच्याच नावाचं ते अमेरिकेतलं विद्यापीठ. मागे बागेत घरातली मुलं खेळतायत. आणि उजवीकडे एक काळा मुलगा उभा आहे, वाइन द्यायला. अंगात चांगला कोट आणि गळ्यात धातूचा पट्टा. पट्ट्याला कुलूप आहे.

मागच्या मुलांच्या भोवती बाग आहे, खेळ आहे, बालपण आहे. हा साधारण त्यांच्याच बरोबरीचा, आणि तो स्वतःच इथे वस्तू म्हणून ठेवलाय, मालकाची श्रीमंती सांगायला. तुम्ही म्हणता तसं मुलांच्या हातातल्या वस्तू वाचायच्या, तर इथे मूल हीच प्रतीक म्हणून वापरलेली वस्तू आहे. त्याचं नाव कुणी चित्रावर लिहिलेलं नाही. बरेच दिवस चित्राच्या नावातही त्याला जागा जेमतेमच होती. २०२०-२१ मध्ये संग्रहालयाने ते चित्र काही काळ उतरवून ठेवलं, त्याच्यावर संशोधन केलं आणि नावात 'गुलाम केलेलं मूल' असं स्पष्ट लिहिलं.

आपल्याकडच्या आया, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या बायका, त्याही या चित्रांत आहेत. रेनॉल्ड्सने १७६५च्या सुमारास जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचं चित्र केलं, ते आता बर्लिनला आहे. त्यात छोट्या मुलीला धरून एक भारतीय आया गुडघ्यांवर बसलीये. मुलीला हिंदुस्थानी धाटणीचा पोशाख. आई सरळ उभी, आया खाली, पण मुलीला हात आयाचा आहे. आयाचं नाव इथेही नाही. कुटुंबाने हिंदुस्थानात कमावलं एवढं सांगायला ती चित्रात घेतली, आणि तरी त्या चित्रात सगळ्यांत मायेने रंगवलेला चेहरा मला तिचा वाटतो.

केतकी_लीड्स

रानजाई, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. गरिबांच्या मुलांची चित्रं काढून कोण घेणार होतं? हॉगार्थचंच बघा. त्याला स्वतःला मूल नव्हतं. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या (सोडून दिलेल्या बाळांच्या अनाथालयाच्या) स्थापनेपासून तो तिथे कारभारी होता, त्याने आणि त्याची बायको जेनने तिथली मुलं घरी सांभाळली. १७४१ मध्ये तिथे पहिली बाळं घेतली गेली, म्हणजे ग्रॅहम मुलांच्या चित्राच्या आदल्याच वर्षी. बाळ सोडून जाणारी आई पुढे कधी परत येता आलं तर ओळख पटावी म्हणून काहीतरी ठेवून जायची: कापलेलं नाणं, रिबीन, झग्याच्या कापडाचा तुकडा. ते तुकडे नोंदवहीच्या कागदाला टाचून ठेवलेत, आजही बघायला मिळतात. फुलांचे ठसे, पट्ट्या, आणि एकेक तुकडा हातभरही नाही. त्या मुलांची व्यक्तिचित्रं म्हणाल तर तीच.

अनघड

रानजाई, केतकी, दोघींचंही वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना.

मग मगाचाच मुद्दा जरा वेगळा करून मांडतो. कॅलिफोर्नियात हंटिंग्टन संग्रहालयात लॉरेन्सचं 'पिंकी' आहे, १७९४ सालचं. सारा बॅरेट मोल्टन, जन्म जमैकाचा, घर उसाच्या मळ्यांचं, म्हणजे पैसा गुलामांच्या घामाचा. शिकायला इंग्लंडला पाठवलेली. आजीला नातीची आठवण येत होती म्हणून तिने चित्र काढून पाठवायला सांगितलं. टेकडीवर वाऱ्यात उभी मुलगी, गुलाबी फिती उडतायत, मागे नुसतं आभाळ. १७९५च्या एप्रिलमध्ये ती गेली, बारा वर्षांची. लगेच लोक म्हणतात, बघा, ती उडून जाणारच असं चित्रकाराने दाखवलंय! लॉरेन्सच्याच 'रेड बॉय'चं तेच. चार्ल्स लॅम्बटन, १८२५, सात वर्षांचा, लाल मखमलीत खडकावर बसलेला, मागे चांदणं. १८३१ मध्ये तो क्षयाने गेला, म्हणून चांदण्यात मरण दिसायला लागलं. अहो, लॉरेन्सपुढे तेव्हा धडधाकट पोर बसलं होतं.

चित्रवेल्हाळ

अनघड, इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. चित्रकाराला काय माहीत होतं हे आधी बघायलाच हवं. हॉगार्थला थॉमस गेल्याचं माहीत होतं. लॉरेन्सला दोन्ही वेळा काही माहीत नव्हतं. वारा, चांदणं, खडक हा त्या काळच्या रोमँटिक कलाप्रवाहाचा थाट आहे.

पण चित्र रंगवून झाल्यावरही त्यात अर्थ भरत जातो, आणि तोही खरा असतो. पेनेलोपी बूथबीचं बघा. रेनॉल्ड्सने तिला १७८८ मध्ये रंगवलं. भलीमोठी पांढरी टोपी, काळे हातमोजे, हात पुढे जुळवून बसलेली, आजीबाईसारखी गंभीर. कसलंच प्रतीक नाही. १७९१ मध्ये, सहावा वाढदिवस महिन्यावर आला असताना ती गेली. अ‍ॅशबोर्नच्या चर्चमध्ये तिची समाधी आहे, थॉमस बँक्सने घडवलेली, कुशीवर झोपलेलं मूल. तिथे आईबापांनी लिहवून घेतलंय की या नाजूक होडीवर आम्ही आमचं सर्वस्व लावलं होतं आणि सगळंच बुडालं. एकदा हे वाचलं की ती टोपी पहिल्यासारखी बघता येते का? रेनॉल्ड्सने ठेवला नव्हता तो अर्थ त्या बापाच्या दुःखाने तिथे आणून ठेवला. जवळजवळ नव्वद वर्षांनी, १८७९ मध्ये, मिलेने तीच टोपी, तीच बैठक घेऊन 'चेरी राइप' रंगवलं, आणि शेजारी चेरी ठेवल्या.

रानजाई, नाव नसलेल्या मुलाचं तुम्ही लिहिलंत तेही मला याच्याशीच जोडलेलं वाटतं. पट्ट्याचा अर्थ ज्याने तो रंगवून घेतला त्याच्या लेखी श्रीमंती एवढाच होता. आज आपण तो वेगळा वाचतो आणि तसाच वाचायला हवा.

माधवी_गोरेगाव

इतके दिवस नुसती वाचत होते. मिलेचं नाव आलं म्हणून लिहिते. पिअर्स साबणाच्या जुन्या जाहिरातीतला बुडबुडे उडवणारा कुरळ्या केसांचा मुलगा तो त्याचाच ना? माझ्या वडिलांकडे जुन्या मासिकांचे गठ्ठे होते, त्यात तो बघितल्याचं आठवतं.

चित्रवेल्हाळ

हो माधवीताई, तोच. १८८६ सालचं चित्र, मॉडेल मिलेचा नातू विली जेम्स. मिलेने ठेवलेलं नाव 'अ चाइल्ड्स वर्ल्ड'. बुडबुडा म्हणजे क्षणात फुटणारं आयुष्य, ही डच चित्रांतून आलेली जुनी खूण. मुलाच्या एका बाजूला कुंडीत हिरवं रोप आहे आणि दुसरीकडे फुटलेली कुंडी पडलीये, म्हणजे मिलेने अर्थ अगदी जाणून ठेवलाय. मग पिअर्सच्या थॉमस बॅरेटने चित्राचे हक्क घेतले, त्यात साबणाची वडी घातली, आणि चित्र घराघरांत गेलं. ज्या बुडबुड्यात मरणाची आठवण होती तोच स्वच्छतेचा झाला. तो मुलगा पुढे नौदलात अ‍ॅडमिरल झाला आणि आयुष्यभर 'बबल्स' याच नावाने ओळखला गेला.

ज्यांना प्रत्यक्ष बघायचंय त्यांच्यासाठी: ग्रॅहम मुलं, गेन्सबरोच्या मुली आणि रेड बॉय तिन्ही नॅशनल गॅलरीत, जेन बोल्स वॉलेस कलेक्शनमध्ये. दोन्हीकडे तिकीट नाही. 'बबल्स' लिव्हरपूलजवळ लेडी लिव्हर आर्ट गॅलरीत असतं. ग्रॅहम मुलांसमोर उभे राहाल तेव्हा आधी उजवीकडून, मांजरापासून सुरुवात करा आणि थॉमसकडे सगळ्यांत शेवटी या.